‘मायक्रोवेव्ह तीस सेकंदांच्या वर लावू नका’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

मायक्रोवेव्हविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या पुन्हा जोरात फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. मायक्रोवेव्हचे किरण अन्नात शिरून तिथेच राहतात. अन्न आतून बाहेर शिजतं, त्यामुळे वरून कोमट लागलं तरी मधला भाग कढत झालेला असतो. किरणांनी जंतू काही सेकंदांत मरतात, पण जीवनसत्त्वंही सगळी जातात. रशियाने 1976 साली या ओव्हनवर बंदी घातली. एका स्विस शास्त्रज्ञाने खरं सांगितलं, तर कोर्टाने त्याचं तोंड बंद केलं. आणि शेवटी सल्ला : वापरायचाच असेल तर तीस सेकंदांच्या वर लावू नका, मध्ये दार उघडून ढवळत बसू नका, बाहेर काढलं की लगेच खा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या शेवटच्या सल्ल्याची. वरचे दावे चुकीचे आहेत, पण ते नुसते वाचून कुणी आजारी पडत नाही. सल्ला पाळला तर मात्र पडू शकतं. अर्धवट तापलेलं, न ढवळलेलं, मध्ये गार राहिलेलं अन्न हाच मायक्रोवेव्हचा खरा धोका आहे, आणि हा संदेश भीती घालून लोकांना नेमका त्याच दिशेने ढकलतो.

‘किरण अन्नात राहतात.’

राहत नाहीत. ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. रेडिओ आणि रडारच्याच कुळातल्या या लहरी. 1945 साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर रडारसाठीच्या मॅग्नेट्रॉनवर काम करत होते, तेव्हा अन्न तापवण्याची ही कल्पना पुढे आली. या लहरीच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या सुमारे दोन लाख पट ऊर्जा दिव्याच्या उजेडाच्या एका कणात असते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला याहूनही कितीतरी जास्त लागते. त्यामुळे अन्न किरणोत्सर्गी होण्याचा प्रश्नच येत नाही. लहरींमुळे पाण्याचे रेणू सतत दिशा बदलू पाहतात, त्यांची आजूबाजूच्या रेणूंशी झटापट होते आणि अन्न तापतं. एवढंच घडतं. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसंच ओव्हन थांबल्यावर अन्नातही काही साठत नाही.

दाराचंही तसंच. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद व्हावा म्हणून एकापेक्षा जास्त स्वतंत्र स्विच बसवलेले असतात. काचेमागच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची, आणि लहर सुमारे 12 सेंटिमीटर लांबीची. ती त्या भोकांतून बाहेर पडू शकत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार ओव्हनच्या पूर्ण आयुष्यात, पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर, गळती दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅटच्या वर जाता कामा नये. काळजी करायची ती दार वाकलं असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा दार नीट बसत नसेल तर. असा ओव्हन दुरुस्त होईपर्यंत लावू नये. बाकी, ढवळण्यासाठी दार दहा वेळा उघडा.

‘अन्न आतून बाहेर शिजतं.’

या एका गैरसमजामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरेपर्यंत क्षीण होऊन जातात. त्यापलीकडचा भाग तापतो तो बाहेरची उष्णता हळूहळू आत सरकल्यामुळे, चुलीवर किंवा भट्टीत तापतो तसाच. म्हणजे जाड तुकड्याचा गाभा सगळ्यात शेवटी गरम होतो. मग उलटा समज पसरला कसा? त्याला कारणं आहेत. ओव्हनमधली हवा गारच असते आणि पृष्ठभागावरून वाफ जात राहते, त्यामुळे वरचा थर त्याच्या लगेच खालच्या थरापेक्षा थोडा थंड लागतो. पावात सारण भरलेलं असेल तर कोरड्या पावापेक्षा ओलं, गोड सारण जास्त लहरी शोषून घेतं. पाव कोमट आणि सारण जीभ भाजणारं. अंड्यासारख्या लहान गोल वस्तूत तर लहरी मध्यावर एकवटूही शकतात. म्हणूनच कवचासकट अंडं किंवा सोललेलं अख्खं उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ते फुटतं, कधीकधी बाहेर काढून चमचा लावल्यावर. पण हे अनुभव सारणाचे आणि अंड्याचे. वाडगाभर भाताला किंवा मांसाच्या जाड तुकड्याला ते लागू होत नाहीत.

शिवाय ओव्हनच्या आत उष्णता सगळीकडे सारखी पडतच नाही. लहरी धातूच्या भिंतींवरून परततात, एकमेकींवर पडतात, काही ठिकाणी जोर वाढतो तर काही ठिकाणी जवळजवळ संपतो. हे डोळ्यांनी पाहता येतं. फिरती थाळी आणि तिच्याखालचं कडं काढून ठेवा. मधल्या फिरत्या खुंटीला अडणार नाही अशा बेताने एक पसरट काचेची ताटली ठेवा, तीवर किसलेल्या चीजचा पातळ, सारखा थर पसरा, आणि ओव्हन थोडा वेळच लावा. चीज वितळायला लागलं की लगेच थांबवा. कुठे बुडबुडे आलेले, कडा तपकिरी होऊ लागलेल्या, आणि त्याच्या शेजारी दोन बोटांवर किसाचे धागे अगदी कोरडे, जसेच्या तसे उभे! जोर असलेल्या दोन जागांमधलं अंतर बहुधा 6 सेंटिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं. ती कोरडी जागा म्हणजेच तुमच्या उरलेल्या जेवणातला गार घास.

फिरती थाळी असते ती यासाठीच, पण तिलाही एक मर्यादा आहे. थाळीचा मध्यबिंदू फिरत नाही, तो एकाच जागी राहतो. म्हणून तुकडे मध्ये ढीग करून न ठेवता कडेने गोल मांडावेत, मधली जागा मोकळी सोडावी, जाड बाजू बाहेर आणि निमुळती बाजू आत. भात किंवा रस्सा असेल तर खोल वाडग्यापेक्षा पसरट भांडं केव्हाही बरं. वर झाकण हवं, वाफेला थोडी फट ठेवून. कोंडलेली ओली वाफ वरचा थरही तापवते आणि गार जागा कमी करते.

गोठलेल्या अन्नात तर हा असमानपणा आणखी वाढतो. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो, पाणी भरपूर. एखादा कोपरा वितळला की तिथलं पाणी पुढची सगळी उष्णता ओढून घेऊ लागतं. कड शिजते आणि मध्ये अजून बर्फच. डीफ्रॉस्टवर बऱ्याच ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन काही सेकंद चालतो आणि काही सेकंद थांबतो (इन्व्हर्टरच्या ओव्हनमध्ये जोरच कमी केलेला असतो). त्या थांबण्यात उष्णता आत पसरते. घाईने पूर्ण जोरावर वितळवलं की हा सगळा हिशेब बिघडतो. आणि असं वितळवलेलं मांस लगेच शिजवायला घ्यावं, कारण त्याच्या कडा तोवर जंतूंना मानवेल इतक्या कोमट झालेल्या असतात.

‘किरणांनी जंतू काही सेकंदांत मरतात.’

जंतू मरतात ते तापमानाने. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी की उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना ते सगळीकडे 74 अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं, आणि कच्ची कोंबडी शिजवतानाही हेच. सगळीकडे, हे महत्त्वाचं. कडेला 90 आणि मध्ये 40 असेल तर सरासरी छान दिसते, पण मधले जंतू जिवंत राहतात.

2007 साली अमेरिकेत गोठवलेल्या ‘पॉट पाय’मधून (मांसाचं सारण भरलेल्या पिठाच्या पदार्थातून) साल्मोनेला जंतूची साथ पसरली, 41 राज्यांत 401 जण आजारी पडले. हे पदार्थ खाण्यासाठी तयार दिसत, पण प्रत्यक्षात नीट शिजवणं गरजेचं होतं, आणि ते घरोघरी मायक्रोवेव्हमध्ये गरम केले जात. लहरी तिथेही होत्या. त्यांनी जंतू मारले नाहीत, कारण उष्णता मध्यापर्यंत पोचली नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. जंतू मेले तरी त्यांनी आधी करून ठेवलेलं विष उरू शकतं. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचं उलट्या घडवणारं विष आणि स्टॅफिलोकॉकसचं विष, दोन्ही उकळीलाही दाद देत नाहीत. म्हणून शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पसरट डब्यांत लवकर गार करून फ्रिजमध्ये टाकावं. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कोणत्याही यंत्रात कितीही तापवला तरी भरवशाचा होत नाही.

‘जीवनसत्त्वं नष्ट होतात.’

कुठल्याही उष्णतेने काही प्रमाणात होतातच. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, ते भाजी उकळून पाणी ओतून देण्यात सर्वाधिक जातं. मायक्रोवेव्हमध्ये वेळ कमी लागतो आणि पाणी चमचा-दोन चमचे पुरतं, त्यामुळे बहुतेकदा ते जास्तच टिकतं. ब्रोकोलीतली काही द्रव्यं 97 टक्के नष्ट झाल्याचा जो आकडा संदेशात असतो, तो 2003 सालच्या एका स्पॅनिश प्रयोगाचा आहे, आणि त्यात ब्रोकोली भरपूर पाणी घालून शिजवली होती. पाणी कमी घाला, जे उरेल ते ओतून देऊ नका.

‘रशियात बंदी, स्विस कोर्टाची बंदी.’

सोव्हिएत संघात सूक्ष्मलहरींच्या संपर्काची मर्यादा पाश्चात्त्य देशांपेक्षा खूप कडक होती, हे खरं. पण ओव्हनवरच्या बंदीचा कायदा वा आदेश या संदेशात कुठेही दिलेला नाही, आणि 1980 च्या दशकात सोव्हिएत कारखान्यांत घरगुती मायक्रोवेव्ह बनत होते.

स्विस शास्त्रज्ञ मात्र खरा. हान्स हर्टेल. त्यांनी लोझानच्या प्राध्यापक ब्लांक यांच्याबरोबर केलेला प्रयोग अवघ्या आठ जणांवर होता. त्यांच्या रक्तात काही किरकोळ बदल मोजले गेले. त्यावरून हर्टेल यांनी थेट कर्करोगापर्यंत उडी मारली, आणि स्वतः ब्लांक यांनी या निष्कर्षापासून अंग काढून घेतलं. उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेने दावा लावला आणि स्विस कोर्टाने हर्टेलना तसं बोलण्यास मनाई केली. पुढे 25 ऑगस्ट 1998 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ठरवलं की ही मनाई त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होती. तो निकाल मला योग्य वाटतो. पण तो त्यांच्या बोलण्याच्या हक्काबद्दल आहे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, असं न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही.

‘तीस सेकंद, दार बंद, लगेच खा.’

आता हिशेब करू. 700 वॅटचा ओव्हन तीस सेकंदांत 21 किलोज्यूल उष्णता देतो. फ्रिजमधून काढलेलं पाव किलो अन्न 5 अंशांवर धरलं, तर एवढ्या उष्णतेत ते सरासरी 25 ते 30 अंशांवर येतं. जंतूंना वाढायला अगदी सोयीचं तापमान! 74 अंशांसाठी याच ओव्हनला किमान दीड मिनिट लागेल, आणि गार जागा धरून दोन मिनिटं किंवा थोडं जास्तच.

तुमच्या ओव्हनचा खरा जोर माहीत नसेल तर एक लिटर पाणी मोजून घ्या, ढवळून तापमान बघा, पूर्ण जोरावर एक मिनिट लावा, पुन्हा ढवळून बघा. 10 अंश वाढलं तर ओव्हन साधारण 700 वॅटचा, 14 अंश वाढलं तर 1000 वॅटचा. पाकिटावरच्या सूचना कोणत्या वॅटसाठी आहेत ते वाचा. कमी जोराच्या ओव्हनला वेळ वाढवावाच लागतो.

निम्मा वेळ झाला की दार उघडा, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला आणून ढवळा. ढवळता येत नसेल तर उलटवा. ओव्हन थांबल्यावर झाकण न काढता दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. पाकिटावर थांबायची वेळ दिलेली असेल तर तेवढा वेळ. कडेची उष्णता या वेळात गाभ्यात पोचते, म्हणून तो शिजण्याचाच भाग धरायचा. मग फूड थर्मामीटर मध्ये आणि आणखी दोन-तीन जागी टोचा. एक जागा जरी 74 च्या खाली निघाली तरी पुन्हा लावा.

नुसतं पाणी तापवतानाही लगेच हात घालू नये. गुळगुळीत कपात पाणी उकळीच्या वर जाऊनही बुडबुडे न येता शांत दिसतं आणि चमचा किंवा पावडर पडताच उसळून अंगावर येतं. त्यात आधीच लाकडी काडी घालून ठेवावी, वेळ गरजेपुरताच लावावा, आणि झाल्यावर थोडं थांबावं.

प्लॅस्टिकबद्दल संदेशात अवाक्षर नाही, खरं तर थोडी चिंता तिथे रास्त आहे. उष्णता आणि तेल दोन्ही असलं की प्लॅस्टिकमधली द्रव्यं अन्नात जास्त उतरतात. काच किंवा धातूची नक्षी नसलेलं चिनी मातीचं भांडं घ्या.

आणि तान्ह्या बाळाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखाद्या जागी दूध तोंड पोळण्याइतकं तापलेलं असतं. ती गरम पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा, हलकेच हलवून दूध एकजीव करा, आणि मनगटावर थेंब टाकून बघूनच बाळाच्या तोंडाला लावा.