तेच खारे पापड

निवृत्त नवऱ्याला काहीतरी नाद लावावा म्हणून मी ह्यांना रेंगा शिकवला. जपानी साखळी-कविता. एकाने पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळी लिहायच्या, दुसऱ्याने सात-सातच्या दोन जोडायच्या, पुन्हा पहिल्याने तीन. हायकू म्हणजे या साखळीतलं सुटं झालेलं पहिलं कडवं. १४८८ साली सोगी नावाच्या कवीने आणि त्याच्या दोन शिष्यांनी शंभर कडवी रचली होती. हायकूसाठी गाजलेल्या बाशोला छत्तीसची साखळी आवडायची. छत्तीसचा आकडा आमच्या घराला नवा नाही, म्हणून तीच धरली.

पहिल्या कडव्यात ऋतू हवा. नेरूळला राहून ऋतू शोधायला लांब कशाला जायचं?

भरती आली
तळ्यावर उतरे
गुलाबी थवा

फ्लेमिंगो! मी खूश. ह्यांनी बोटांवर अक्षरं मोजत जोडलं:

गच्चीवर पापड
तुझ्या आईने केले

असो. रेंगाचा खरा नियम पुढेच आहे: लागून असलेल्या कडव्याशी नातं जोडायचं, पण त्याच्या आधीच्याकडे वळून बघायचं नाही. थोडक्यात, मागचं उकरून काढायचं नाही. नवरा-बायकोत हा नियम पाळणारे जपानी कोण असतील ते असोत. मी 'आई' तेवढी उचलली:

रात्रीची गाडी
खिडकीशी झोपली
कुणाची आई

ह्यांचं उत्तर तयारच होतं:

पिशवीत तिच्याही
तेच खारे पापड

"अहो, पापड मागे गेले ना!"

"मागे कुठे गेले? अजून डब्यात आहेत."

पाचवं कडवं चंद्राचं, हे सांगितल्यावर ह्यांनी नियमांचा कागद मागून घेतला. जन्मभर वाशीच्या फळबाजारात वह्या लिहिलेला माणूस. पाच मिनिटांत ताळेबंद काढला. "चंद्र पाच, चौदा, एकोणतीस. फुलं सतरा, पस्तीस. विषम सगळे तुझे. म्हणजे दोन चंद्र आणि दोन्ही फुलं तुला, आणि मला एकटा चौदावा चंद्र?"

हिशेब बरोबर होता, हेच वाईट. बरीच घासाघीस होऊन पापड कायमचे बंद करण्याच्या बोलीवर मी सतरावं फूल ह्यांना सोडलं. जपानी साखळीत तिथे चेरीचा बहर येतो. ह्यांनी आपला आंबा आणला:

मोहोर दाट
सासूबाई निघाल्या
लोणच्यासाठी

मी नुसतं बघितलं.

"आता काय? यात पापड कुठे आहे?"