'गाडीतलं भंगार बाहेर काढा' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या बॅचच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एक मेसेज फिरतोय, "गाडीतलं भंगार आजच बाहेर काढा". म्हणे नव्या गाड्यांना स्टेपनी, जॅक, पाने काही लागत नाही, उलट त्या वजनाने अ‍ॅव्हरेज दोन किलोमीटरने पडतं, ट्यूबलेसला पंक्चरची भीती नाही, काही झालंच तर रोडसाइड असिस्टन्सवाले अर्ध्या तासात हजर, बोनेट उघडलं तर वॉरंटी जाते, आणि एवढं सांगून वर शेवटी काय तर "तरीही भीती वाटत असेल तर डिकीत पाच लिटर पेट्रोलचा कॅन ठेवा". मला हा आमच्या मामांनी पाठवला. मामा पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याकडच्या जमिनीवर एकटेच जाऊन येतात, त्यांनी हे मनावर घेऊ नये म्हणून एकेक मुद्दा घेतो.

अ‍ॅव्हरेजचं आधी, कारण ते लगेच संपतं. स्टेपनी, जॅक, पाना सगळं धरून वीसेक किलो होतात. साधारण हिशोब असा की 45 किलो वजन वाढलं की इंधन एखाद टक्का जास्त जातं. म्हणजे 18 देणाऱ्या गाडीत ह्या वीस किलोचा फरक 0.1 सुद्धा नाही. दोन किलोमीटर वाचवायचे असतील तर टायरमधली हवा बघा.

आता ट्यूबलेस. ट्यूबलेस पंक्चर होतो हो, फक्त खिळा आत रुतून बसला की हवा हळूहळू जाते त्यामुळे गाडी काही अंतर चालते, आणि ह्या चालण्यालाच लोक "पंक्चर होत नाही" म्हणतात. टायरच्या बाजूच्या भिंतीला दगडाने चीर गेली तर पंक्चरची रबरी पट्टी घालूनही भागत नाही, तिथे स्टेपनीच पाहिजे. 2020 ला नियम बदलला आणि काही गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली हे खरंय, पण ती मुभा ट्यूबलेस टायर, टायर प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चरचं किट हे सगळं गाडीत असेल तरच आहे. मेसेजवाल्याने अर्धाच नियम वाचला आणि किटसकट सगळं बाहेर काढायला सांगितलं.

आणि स्टेपनी आहे म्हणून निवांत बसलेल्यांनाही सांगतो, एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकाचे नट हलतात का ते बघा. टायरच्या दुकानात पोरगा हवेच्या गनने नट असे कचकचून आवळतो की कंपनीने दिलेल्या त्या वीतभर एल पान्याने ते जागचे हलत नाहीत, मग माणूस पान्यावर उभा राहतो, पाना सटकतो आणि नडगीला लागतं. पान्याच्या दांड्यावर चढेल असा हात-दीड हात लोखंडी पाइप ठेवा, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असले तुकडे मिळतात, तेवढ्याने काम सोपं होतं. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक नंतर. दुसऱ्या चाकामागे दगड लावायचा आणि चढावर जॅक लावायचाच नाही, गाडी सपाटीला आणता येत नसेल तर मदतीची वाट बघायची. अलॉय व्हील्सला चोरी होऊ नये म्हणून वेगळा लॉकचा नट असेल तर त्याची ती छोटी चावी गाडीतच पाहिजे, बऱ्याच जणांची ती घरातल्या ड्रॉवरमध्ये असते. इनोव्हासारख्या गाडीत स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते, ती खाली सोडायचा दांडा कुठे ठेवलाय हे भर पावसात शोधत बसू नका. आणि स्टेपनीत हवा आहे का? असो.

आता मेसेजमधला सगळ्यात लाडका मुद्दा, अर्ध्या तासात माणूस हजर. पुण्यात बाणेरला, कोथरूडला येईलही. पण आधी रोडसाइड असिस्टन्सचं ते अ‍ॅड-ऑन तुम्ही विम्याची पॉलिसी घेताना घेतलंय का ते बघा, नुसत्या थर्ड पार्टीत ते नसतं, आणि घेतलं असेल तरी टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्या मावसभावाची गाडी मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात बंद पडली. नेटवर्क नाही, चालत चालत वर गेला तेव्हा कुठे एक कांडी आली, फोन लागला तर पलीकडून "सर, लँडमार्क सांगा". हा म्हणाला धबधबा आहे. "कोणता धबधबा सर?" आता जुलैत ताम्हिणीत कोणता धबधबा म्हणून काय सांगणार, आणि तेवढ्यात फोन कट. शेवटी मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने बोनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालं होतं, दहा नंबरच्या पान्याने आवळलं आणि गाडी सुरू. तो दहा नंबरचा पाना टेम्पोवाल्याकडे होता, ह्याच्याकडे नव्हता, बाकी काही फरक नाही.

1033 ह्या हेल्पलाइनचंही असंच. नंबर चांगला आहे, सेव्ह करा, पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथली मदतीची व्यवस्था वेगळी, आणि वेल्ह्याच्या आतल्या रस्त्यांवर तर ह्यातलं काहीच नाही. जीव धोक्यात असेल तर 112, अ‍ॅम्ब्युलन्सला 108.

मेसेजवाल्यांना मुळात वाटतं की डिकीतलं सामान गाडी रिपेअर करायला असतं. आजकालची गाडी तुम्ही-आम्ही रस्त्यावर काय रिपेअर करणार? सामान असतं ते मदत येईपर्यंतचा वेळ धडपणे काढायला आणि जमलं तर गाडी पुढच्या पंपापर्यंत न्यायला. म्हणून माझ्या मते पहिल्या नंबरला पाना नाही, रिफ्लेक्टरचा त्रिकोण आहे. एक्सप्रेसवेवर 100 च्या स्पीडने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते, म्हणजे त्रिकोण गाडीमागे 50 मीटरवर ठेवला तरी मागच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत, त्यामुळे तिथे शंभर मीटरच्या पुढेच जायचं. घाटात वळणावर बंद पडलात तर त्रिकोण वळणाच्या आधी, नाहीतर उपयोग शून्य. ठेवायला जाताना चमकणारं जॅकेट अंगात, चारी इंडिकेटर चालू, आणि बाकीच्या लोकांना गाडीत न बसवता रस्त्यापासून लांब, एक्सप्रेसवेवर कठड्याच्या पलीकडे उभं करायचं. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, मोबाइल दातात धरून पाना फिरवता येत नाही. झाडाची फांदी आणि चार दगड मांडायची आपल्याकडे पद्धत आहे, पण गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, मग रात्री त्यावर कुणीतरी बाइकवाला आपटतो. उचलून बाजूला टाका की राव.

बोनेट उघडल्याने वॉरंटी जाते, हे तर कहरच. ज्या कंपनीची वॉरंटी तिच्याच पुस्तकात फ्यूज कसा बदलायचा, चाक कसं बदलायचं हे चित्रांसकट दिलेलं असतं. वायरी कापून बाहेरचे हॉर्न-लाइट जोडलेत तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो, ती गोष्ट वेगळी. जास्तीचे फ्यूज मात्र ठेवा, लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, आणि जेवढ्याचा उडाला तेवढ्याचाच घालायचा, मोठा घातला की वायरिंग जळतं.

बॅटरी उतरली तर धक्का मारू म्हणणाऱ्यांनी आपली गाडी ऑटोमॅटिक आहे का ते आधी आठवावं, तिला धक्का चालत नाही. जंपर केबल जाड तांब्याची घ्या, स्वस्तातली बारीक केबल नुसती गरम होते. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण तिथेच ठिणगी उडते. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल्ल लावा, जीव नकोसा होईल पण इंजिनची उष्णता थोडी बाहेर पडते, तेवढ्यात बाजूला जागा बघून थांबा.

आणि तो पेट्रोलचा कॅन, ह्यावर खरं तर मला शिव्याच द्यायच्या होत्या. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीची भट्टी होते, त्यात प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोलची वाफ सुटणार आणि बहुतेक गाड्यांची डिकी आतून सीटला जोडलेलीच असते. बाटलीत सुटं पेट्रोल मागितलं की पंपवाले नाही म्हणतात ते काय उगाच? काटा अर्ध्यावर आला की टाकी भरा, कॅनची गरजच पडत नाही.

एका गोष्टीत मेसेज बरोबर आहे, बहुतेक डिक्यांमध्ये खरंच भंगार असतं. ऑनलाइन सेलमधला शंभर तुकड्यांचा टूलबॉक्स, ज्यातला एकही पाना धड बसत नाही, काटा लालमध्ये गेलेलं फायर एक्स्टिंग्विशर, वाळून गेलेली पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब. ते खुशाल काढा आणि नाना पेठेतल्या पार्ट्सच्या दुकानात जाऊन चार धड पाने आणि एक पक्कड घ्या.

पुण्यासारख्या गावात फिरणाऱ्या मेसेजमध्ये टू-व्हीलरचं अवाक्षर नाही ह्याची मात्र गंमत वाटली. सीटखाली स्पार्क प्लगचा पाना, एक जास्तीचा प्लग, फ्यूज, पंक्चरच्या पट्ट्या आणि छोटा पंप एवढं मावतं. क्लच केबलला जागा नसेल तर लांबच्या राइडवाले करतात तसं करा, नवी केबल आत्ताच जुनीच्या शेजारून ओवून झिप टायने बांधून ठेवायची, तुटली की फक्त दोन टोकं बदलायची आणि निघायचं.