सीट वर केली म्हणून सायकल मोठी होत नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहूनही काढलं. सकाळी ते पुसून टाकलं. त्यात सिन्नरच्या लोकांबद्दल एक वाक्य होतं, ते राहू द्या.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘सहा फुटांपुढच्यांनी ट्राय बाइकच्या वाटेला जाऊ नये’ या माझ्या लेखावर (ट्राय बाइक म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा ट्रायथलॉन शर्यतीसाठीची, हँडलवरच्या पॅडवर कोपरं टेकवून चालवायची सायकल) यांचं म्हणणं असं: नाचता येईना अंगण वाकडं, असा हा प्रकार आहे. एक्सएल साइज उंच लोकांसाठीच असते. सीट वर करायची, लांब क्रँक (पेडलचा दांडा) घ्यायची, विषय संपला. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार केली, ते ‘फिटिंग, फिटिंग’ करत बसले नाहीत. जर्मनीचा यान फ्रोडेनो १९४ सेंटीमीटरचा, त्याला कुठे अडलं? आणि गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये सायकलच्या ९० किलोमीटरला ३ तास ४० मिनिटं लावणाऱ्याने लोकांना शहाणपण शिकवू नये. शेवटी एक ओळ, तिच्याकडे मी नंतर येतो.

आधी कबुली. शीर्षक चुकलं. तेव्हा मी एक सायकल तोट्यात विकून मोकळा झालो होतो आणि चिडून लिहिलं होतं. फ्रोडेनो माझ्यापेक्षा जेमतेम दोन सेंटीमीटरने बुटका. त्याने २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि नंतर हवाईची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा तीनदा जिंकली. तेव्हा उंच माणसाला ट्राय बाइक जमतच नाही हे माझं विधान सरळसरळ खोटं ठरतं. शीर्षक आजच बदलतो. माझी ती ३ तास ४० मिनिटंही खरी आहेत, आणि त्यातला बराचसा वाटा मी आदल्या महिन्यात केलेल्या आळसाचा होता.

पण ‘सीट वर करायची, विषय संपला’ हे मात्र मी सोडणार नाही. मी नेमका यातच फसलो.

मी ६ फूट ५ इंच. माझा आतेभाऊ ओझरला राहतो, तोही ६ फूट ५. लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं मागे उभे असलो की एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतो. पण पायाची आतल्या बाजूची लांबी मोजली तर माझी ९७ सेंटीमीटर, त्याची ९१. त्याचं धड लांब, माझे पाय लांब. सीटची उंची काढायला ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने चालणारा जुना हिशोब आहे: ही लांबी गुणिले ०.८८३. तो अंतिम नाही, पण सुरुवातीला बरा. माझी सीट बीबीच्या, म्हणजे क्रँक ज्या आसावर फिरते त्याच्या, मध्यापासून ८५.७ सेंटीमीटरवर येते, त्याची ८०.४ वर. उंची एक आणि सीटमध्ये पाच सेंटीमीटरचा फरक. दुकानदार आम्हा दोघांना एकच एक्सएल दाखवणार, कारण तक्त्यात फक्त उंची लिहिलेली असते.

आता ट्राय बाइकची गोष्ट. रोड बाइकची सीट-नळी साधारण ७३ अंशांत कललेली असते. ट्राय बाइकला ती ७६ ते ८० अंश, म्हणजे जवळपास उभीच. माणूस बीबीभोवती पुढे फिरवल्यासारखा बसतो. त्यामुळे कोपरं पॅडवर टेकवून धड खाली नेलं तरी मांडी पोटात शिरत नाही. १९८९ मध्ये डॅन एम्पफील्ड यांच्या क्विंटाना रू कंपनीने खास ट्रायथलॉनची सायकल काढली ती याच तत्त्वावर. स्टॅक आणि रीच ही मापं रुजवण्याचं श्रेयही त्यांनाच जातं. स्टॅक म्हणजे बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर.

उंच माणूस मार खातो तो स्टॅकमध्ये. माझी सीट ८५.७ वर आणि कोन ७८ अंश धरला, तर सीटचा माथा बीबीपासून सरळ उभ्या रेषेत ८३.८ सेंटीमीटरवर. पुण्याहून आणलेल्या त्या सेकंडहँड एक्सएलमध्ये सगळे स्पेसर, सगळे रायझर (हँडल आणि पॅड उंच करायच्या चकत्या आणि ठोकळे) लावून कोपराचे पॅड जास्तीत जास्त ६७ वर जात होते. म्हणजे कोपर सीटपेक्षा जवळजवळ १७ सेंटीमीटर खाली. मला १२ झेपतात. रोज योगासनं करणाऱ्याला १७ ही झेपतील, पण मी रोज शेअर रिक्षात मान वाकवून बसणारा माणूस आहे. आणि सीट जितकी वर करावी तितकी ही दरी वाढतच जाते, कारण पुढचा भाग जागचा हलत नाही. तुमच्या उपायाने दुखणं वाढतं ते असं.

ज्याने सायकल विकली तो म्हणाला होता, ‘सर, होऊन जाईल.’ सीट वर करत गेलो तर पोस्टवरची, म्हणजे सीटखालच्या दांड्यावरची, कमीत कमी आत राहण्याची रेघ बाहेर आली. त्या रेघेच्या वर चालवणं म्हणजे फ्रेमला चीर पाडायचं निमंत्रण. रोड बाइकला बहुधा गोल पोस्ट असते. २७.२ मिलिमीटरची असेल तर ४०० मिलिमीटर लांबीची दुसरी सहज मिळते. ट्राय बाइकची पोस्ट पंख्याच्या पात्यासारखी चपटी आणि त्या एकाच फ्रेमपुरती बनवलेली. जुन्या मॉडेलची लांब पोस्ट मिळणं म्हणजे श्रावणी सोमवारी त्र्यंबकला पार्किंग मिळणं.

गिरणाऱ्याच्या रस्त्यावर मी ती सायकल दोन महिने चालवली. वीस मिनिटं पॅडवर, मग मान आखडली की उठून बसायचं, दहा मिनिटांनी परत खाली. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण अर्धा वेळ उठून बसायचं असेल तर महागडी फ्रेम आणि शेजारच्या काकांची घोडा सायकल यात फारसा फरक उरत नाही.

महाजन बंधूंचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. २०१५ मध्ये दोघांच्या संघाने त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या शर्यतीने वैद्यकीय भाषेला एक शब्द दिलाय, ‘शर्मर्स नेक’. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या स्वाराच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरता येईना. त्याच्या नावाने तो विकार ओळखला जातो. तेव्हा मान आणि बैठक यांची काळजी म्हणजे नुसतं ‘फिटिंग, फिटिंग’ आहे, या मुद्द्यासाठी ते उदाहरण जरा अडचणीचं आहे.

लांब क्रँकबद्दल तुमच्यासारखंच मलाही वाटायचं. मोठ्या साइजना बहुधा १७५ मिलिमीटरची येते. मी ती काढून १७० ची घातली. पेडल खाली असताना पाय तेवढाच ताणला जावा म्हणून सीट ५ मिलिमीटर वर घेतली, तर पेडल माथ्यावर असताना गुडघा आधीपेक्षा १० मिलिमीटर खाली राहिला. पोटाला मोकळीक मिळाली. अर्थात सीट वर गेली म्हणजे पॅडही तेवढेच वर हवेत, आणि ते तर आधीच छताला टेकलेले. शेवटी सायकल विकली ती इथेच.

आता माझ्याकडे मोठ्या स्टॅकची, ६१ साइजची रोड फ्रेम आहे, वर क्लिप-ऑन एरोबार (साध्या हँडलवर बसवायचे, कोपरं टेकायचे दांडे) आणि त्याखाली रायझर. हा आदर्श उपाय आहे असं लेखात ध्वनित झालं असेल तर तेही मागे घेतो. माझ्या सीटच्या उंचीला ७३ अंशांत सीट बीबीच्या २५ सेंटीमीटर मागे पडते, ७८ अंशांत १७.८. सरळ पोस्ट लावून आणि सीट तिच्या खालच्या रेलवर पुढे सरकवून मी यातला अर्धाच फरक भरून काढू शकलो. वजन पुढच्या चाकावर आल्याने घाटात उतरताना हँडल चळवळतं, तेव्हा तिथे पॅडवर झोपत नाही. पण तासभर मान न दुखता बसता येतं, आणि २८ मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात. माझं वजन ९२ किलो आहे आणि रस्ते आपलेच आहेत. जुन्या ट्राय फ्रेममध्ये २५ च्या पुढे टायर घासायचा.

आता तुमची ती शेवटची ओळ. ‘मुलगा १९ वर्षांचा, ६ फूट ४, त्याच्यासाठी कालच एक्सएलचे ॲडव्हान्स दिलेत.’ हे आधी वाचलं असतं तर बाकीचं मी वेगळ्या सुरात वाचलं असतं. माझ्या लेखाने तुमच्या घरात काल काय झालं असेल याची कल्पना येते.

बुकिंग रद्द करा असं म्हणत नाही. कदाचित ती सायकल त्याला चपखल बसेल. तो आतेभावासारखा लांब धडाचा निघाला तर सीटचा प्रश्नच येणार नाही, उलट रीच पुरतो का ते बघावं लागेल. फक्त उरलेले पैसे देण्यापूर्वी त्याची पायाची लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभा करा, दोन पायांत पुस्तक घालून सीटवर बसल्यासारखं दाब येईपर्यंत वर दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलने खूण करा. ०.८८३ ने गुणा. मग दुकानात विचारा की एवढ्या उंचीला पोस्टची रेघ आत राहते का, आणि पॅड बीबीपासून जास्तीत जास्त किती वर जातात. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘ॲडजस्ट होतं सर’ असं उत्तर येईल. आकडा मागा. कंपनीच्या तक्त्यात तो बहुधा ‘पॅड स्टॅक’ म्हणून दिलेला असतो. स्पेसर किती लावता येतात त्याची मर्यादाही मॅन्युअलमध्ये असते, ती बघितल्याशिवाय कुणालाही पुढून सायकल उंच करू देऊ नका.

हे सगळं वैतागवाणं वाटत असेल तर रविवारी सकाळी सातला मुलाला घेऊन सोमेश्वरला या. माझी सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावून ठेवतो, तिच्यावर पॅड वरखाली करून त्याला कितीची दरी झेपते ते अर्ध्या तासात कळेल. मोजपट्टी आणि ओळंबा मी आणतो. पुस्तक तुम्ही आणा, जाड पुठ्ठ्याचं.