चोपदार म्हणजे चोप देणारा नव्हे!

लोणंदच्या आत्याने परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं का रे?" पालखीच्या मुक्कामात दरवर्षी वारकऱ्यांना जेवू घालणारी ती बाई. मेसेज म्हणतो: चोपदार म्हणजे चोप देणारा, रयतेला बडवायला राजे त्याला पदरी ठेवत, वारीतले चोपदारही त्यातलेच, राजदंड म्हणजे शिक्षेची काठी, आणि हे सगळं इंग्रजांनी आणलं.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे. यातला 'चोप' म्हणजे फारसी 'चोब', अर्थात लाकूड, काठी. 'दार' म्हणजे बाळगणारा. भालदार भाला बाळगतो, चोपदार चोब. हिंदीत आजही चोबदारच म्हणतात. मराठीत 'ब'चा 'प' झाला. पटत नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन चोपचिनी मागा. ती मुळात चोबचिनी, म्हणजे चीनचं लाकूड. तिथेही 'ब'चा 'प'च झालाय. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तर चोपदारापुढे फारसीची खूण सरळ छापलेली आहे, १८५७ची आवृत्ती उघडून बघा. जमीन चोपतात, पोराला चोप देतात, ते 'चोपणे' निराळं.

आणि वारीतल्या चोपदारांबद्दल असं लिहवतं तरी कसं? समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून होणाऱ्या आरतीला, चोपदार दंड उंचावतात, 'होऽऽ' म्हणतात, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकतात. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला वारकऱ्यांचं रिंगण लावतात तेही तेच. माउलींच्या या पालखी सोहळ्याला शिस्त लावली आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. ते शिंद्यांच्या पदरी होते, दरबारी रिवाज जाणणारे. त्या काठीला मारझोडीचं हत्यार म्हणणं हा वारकऱ्यांचा अपमान आहे.

दरबारात गर्दी हटवताना कधी काठी उगारली गेली असेल, ते नाकारत नाही. राजदंडाबद्दल अर्धं खरं आहे: संस्कृतात 'दंड' म्हणजे शिक्षाही. पण काठी हाही त्याचा अर्थ आहेच, आणि राजाच्या हातातली ती काठी अधिकाराची खूण असते.

इंग्रजांचं म्हणाल, तर त्यांच्या कितीतरी आधी मोगल आणि मराठे दरबारांत भालदार-चोपदार ललकारी देत होते. इंग्रजांनी ते फक्त चालू ठेवले. हायकोर्टात न्यायमूर्तींपुढे आजही चोपदार चालतो.