फ्लॅट बघायला सोबत कोणाला न्यायचं?

सध्या ओळखीतले बरेच जण फ्लॅटच्या शोधात आहेत आणि फिरून फिरून एकच प्रश्न येतोय: होम इन्स्पेक्शनवाला, म्हणजे पैसे घेऊन घरातले दोष तपासून रिपोर्ट देणारा माणूस, नेमावा का? माझं मत विचाराल तर जरूर नेमावा. फक्त इन्स्टावर जाहिरात दिसली म्हणून नेमू नये.

आपल्याकडे या धंद्याला परवानाच लागत नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना हे विचित्र वाटेल, कारण तिथे राज्याचं लायसन्स नसेल तर हे काम करता येत नाही. इथे ओल मोजायचं मीटर, थर्मल कॅमेरा आणि नाव छापलेला टी-शर्ट असला की झाला एक्स्पर्ट. त्यामुळे चौकशी आपणच करायची. सिव्हिलची डिग्री-डिप्लोमा आहे का, साइटवर किती वर्षं काढलीत आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष येणार कोण? फोनवर बोलणारा अनुभवी इंजिनिअर आणि दारात उभा राहणारा कालपरवा पास झालेला पोरगा, असं होऊ शकतं.

ब्रोकरने सुचवलेला माणूस मी तरी घेणार नाही. सौदा फिसकटला तर ब्रोकरची दलाली बुडते आणि पुढची कामं त्याच्याकडूनच यायची असतील तर रिपोर्टची भाषा आपोआप मऊ होते. तपासणीही करतो आणि वॉटरप्रूफिंगचं कामही घेतो, त्याच्यापासूनही दोन हात लांब. त्याला प्रत्येक भिंतीत गळती दिसणारच! काही जण बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणून निर्धास्त असतात. अहो, तो बँकेच्या कर्जासाठी किंमत काढायला येतो. तुमच्या बाथरूमचा उतार जाळीकडे आहे की दाराकडे, याच्याशी त्याला काय देणंघेणं?

पैसे देण्याआधी जुन्या कामाचा एखादा रिपोर्ट मागून बघा. मी एक चांगला जाडजूड रिपोर्ट वाचलाय. रंगाचे ओघळ, पॉलिशवरचे ओरखडे, तिरका स्विचबोर्ड, सगळ्याचे रंगीत फोटो. पण बाथरूममध्ये पाणी तुंबवून खालच्या मजल्यावर गळतंय का हे पाहिलं का? मेन बोर्डातली आरसीसीबी (करंट गळला तर शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबल्यावर ट्रिप होते का? अर्थिंग आहे का? एक अक्षर नाही. रंगाचे ओघळ मला फुकटात दिसतात हो.

माझ्या मामेभावाने कोथरूडला रिसेलचा फ्लॅट बघितला तेव्हा एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअरांना नेलं होतं. मालक नव्या रंगाचं कौतुक सांगत होते. हे गृहस्थ हॉलमध्ये थांबलेच नाहीत. थेट बेडरूममधल्या कपाटाशी गेले, कारण ते बाथरूमच्या भिंतीला लागून होतं. परवानगी घेऊन खालच्या कप्प्यातल्या चादरी बाजूला केल्या, तर मागचं प्लाय फुगलेलं आणि कोपऱ्यात पांढरा लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर येणारा क्षार. मीटर त्यांनी नंतर लावलं, तेही बहुधा मालकांच्या समाधानासाठी. मग खिशातलं नाणं काढून फरशा वाजवत दारापर्यंत आले. दोन-तीन ठिकाणी पोकळ आवाज. जाताना म्हणाले, "वरच्यांचं बाथरूम बघायला मिळेल का?" मालकांना अचानक एक फोन करायचा आठवला.

बीमला गेलेली तडा मात्र त्यांनी नुसती दाखवली. म्हणाले, यावर मी मत देणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. माझा विश्वास बसला तो इथे. इमारतीने तिशी ओलांडलेली. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. सेक्रेटरींना रिपोर्ट मागितला तर "करायचंय, पुढच्या मीटिंगला विषय आहे." भावाने टोकन तिथेच थांबवलं.

शक्य असेल तर घर भर पावसाळ्यात तपासून घ्या. मार्चमधल्या कोरड्या भिंती काहीही सांगत नाहीत.

नवीन फ्लॅट असेल तर ताबा घेण्याआधी तपासणी करा. ताबा घेऊन झाला असेल तरी हातपाय गाळू नका. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला तर त्याने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि सोबत इंजिनिअरच्या सहीचा, तारीख घातलेला, फोटोंसकट रिपोर्ट जोडा. "बाहेरचा माणूस साइटवर चालणार नाही" असं सांगणारे बिल्डर आहेत. म्हणून हा विषय बुकिंगच्या वेळीच काढा आणि ईमेलवर होकार घेऊन ठेवा. तेव्हा त्यांना तुमची गरज असते.