खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका: स्वस्त फ्लॅशविषयीच्या फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

नवा कॅमेरा घेतलेल्या कुणी ‘स्वस्तातला बाहेरचा फ्लॅश कुठला घेऊ?’ असं विचारलं की एक ठरावीक सल्ला पुढे येतो. शब्द बदलतात, कलमं तीच राहतात. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा खोक्यावरचा आकडा) सगळ्यांत मोठा असेल तो घ्या. टीटीएल (कॅमेऱ्यानं फ्लॅशची ताकद आपोआप ठरवायची सोय) नसलेला फ्लॅश म्हणजे पैसे पाण्यात. एचएसएस (वेगवान शटरवरही फ्लॅश चालवायची सोय) हवंच हवं. हात अगदीच आखडता असेल तर फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश उचला, हॉट शू (फ्लॅश बसवायची कॅमेऱ्यावरची खाच) काय, सगळीकडे सारखाच. आणि घ्याल त्याच्यावर पांढरी टोपी बसवा, प्रकाश मऊ होतो.

यातल्या बहुतेक वाक्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला एवढा टिकलाय. पण तो शब्दशः पाळला तर नको त्या गोष्टीवर पैसे जातात, हवी ती गोष्ट राहून जाते आणि एका कलमात तर कॅमेराच पणाला लागतो. तेच कलम आधी घेऊ.

‘जुना फ्लॅश घ्या, हॉट शू सगळीकडे सारखाच असतो’

शूचा आकार बऱ्याच कॅमेऱ्यांवर सारखा असतो, कबूल. पण पाय खाचेत बसला म्हणजे वीज जुळली असं होत नाही. फ्लॅश उडवताना कॅमेरा मधली पिन आणि शूची कड यांचं सर्किट जोडतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत हे काम धातूचे दोन संपर्क करायचे, त्यांना शे-दोनशे व्होल्टचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि त्याची सहनशक्ती मर्यादित असते. व्हिविटार २८३ हा एकेकाळी तुफान खपलेला फ्लॅश. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचं ट्रिगर व्होल्टेज (म्हणजे त्या सर्किटवर फ्लॅशकडून येणारं व्होल्टेज) २०० च्या वर जातं, त्याच नावाच्या नंतरच्या आवृत्त्यांचं बरंच कमी असतं. म्हणजे नुसतं मॉडेलचं नाव विचारून काही कळत नाही. निकॉनच्या अनेक डीएसएलआरच्या पुस्तिकांत २५० व्होल्टची मर्यादा दिलेली आहे. कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी मात्र ६ व्होल्टच्या पुढे जाऊ नका असं सांगितलं जाई. आपल्या कॅमेऱ्याचा आकडा सापडत नसेल तर ६ धरून चाला.

मोजायला फार काही लागत नाही. फ्लॅशमध्ये ताजे सेल घाला, रेडीचा दिवा लागू द्या, मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा. एक टोक पायाच्या मधल्या पिनेला, दुसरं कडेच्या धातूच्या पट्टीला लावा. दिसेल तो आकडा खरा, विकणाऱ्याचा शब्द नव्हे. फक्त कुतूहलापोटी फ्लॅश उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास भार असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

‘सगळीकडे सारखाच’ हेही खरं नाही. मिनोल्टानं १९८८ मध्ये स्वतःचा वेगळा शू आणला, पुढे तो सोनीकडे गेला आणि २०१२ मध्ये सोनीनं तो बदलून नवा मल्टी इंटरफेस शू आणला. त्याहून मोठा धक्का कॅननच्या स्वस्त कॅमेऱ्यांनी दिला. ईओएस १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ (काही बाजारांत हेच कॅमेरे २०००डी, ४०००डी आणि २५०डी या नावांनी मिळतात) यांच्या शूवर मधली पिनच ठेवलेली नाही. एका पिनेवर चालणारा कुठलाही फ्लॅश, जुना असो की नवा, या कॅमेऱ्यांवर थेट बसवला तर उडतच नाही. तिथे निदान जास्त व्होल्टेजची भीती नाही, एवढाच काय तो दिलासा! गंमत अशी की हेच कॅमेरे नवशिक्यांच्या हातात सर्वाधिक असतात आणि ‘कुठलाही साधा फ्लॅश घ्या’ हा सल्लाही त्यांनाच मिळतो. फ्लॅश निवडण्याआधी आपल्या कॅमेऱ्याच्या शूकडे एकदा नीट बघा: मधोमध मोठा गोल संपर्क आहे की नाही?

जुन्या फ्लॅशशी माझं वैर नाही. व्होल्टेज कमी निघालं आणि फ्लॅशच्या पुढच्या बाजूला स्वतःचा सेन्सर असलेला ‘ऑटो’ प्रकार असला, तर तो आजही उत्तम काम देतो. त्याला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, म्हणजे एफ-नंबर) सांगा, समोरून परतलेला प्रकाश पुरेसा झाला की तो स्वतःच विझतो. कॅमेऱ्याशी बोलायची त्याला गरजच नाही.

‘गाइड नंबर सगळ्यांत मोठा तो घ्या’

गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले एफ-नंबर. आयएसओ १०० ला मीटरमधला गाइड नंबर ४० असेल, तर ५ मीटरवरच्या माणसाला एफ/८ वर योग्य प्रकाश पडतो. इथवर हिशेब सरळ आहे. गोम अशी की खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम केलेलं असताना मोजलेला असतो. आतली नळी मागे सरकते आणि तेवढाच प्रकाश अरुंद झोतात गोळा होतो. ताकद वाढत नाही, झोत आवळला जातो.

कॅननचा ५८०ईएक्स २ घ्या. नावातच ५८ आहे, पण तो १०५ मिमी झूमला, म्हणजे झोत १०५ मिमीच्या लेन्सपुरता आवळलेला असताना. ३५ मिमीला हाच फ्लॅश ३६ वर येतो. पुढच्या ६००ईएक्स-आरटीचा आकडा ६० झाला, तो झूम २०० मिमीपर्यंत नेऊन. निकॉन मात्र ३५ मिमीचा आकडा पुढे करायची: एसबी-९१० चा ३४, एसबी-७०० चा २८. आता ५८ शेजारी ३४ ठेवून बघणाऱ्याला वाटणार, निकॉनचा तेव्हाचा सर्वांत वरचा फ्लॅश कॅननच्या निम्म्याने. ३५ मिमीला दोघांना एका पातळीवर आणा, ३६ आणि ३४! म्हणून आकड्याशेजारी झूम लिहिलेला नसेल तर तो आकडा वाचूच नका. मीटर की फूट, आयएसओ १०० की २००, हेही बघा. फुटांत तोच आकडा सव्वातीन पटींनी फुगतो आणि आयएसओ २०० ला १.४ पटींनी. काही स्वस्त फ्लॅशवरचे आकडे याही पलीकडे जरा उदार हातानं छापलेले असतात.

समजा सगळं प्रामाणिक आहे. तरी फरक किती पडतो? प्रकाश गाइड नंबरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कॅननचाच मधला फ्लॅश ४३०ईएक्स २ हा १०५ मिमीला ४३ देतो. ५८ आणि ४३ यांच्यातलं अंतर एक स्टॉपही (स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणं) भरत नाही. ३५ मिमीला तो ३१ देतो. ३६ आणि ३१, म्हणजे अर्धा स्टॉपसुद्धा नाही. आयएसओ ४०० चं ८०० केलं की पूर्ण स्टॉप हातात येतो.

खोलीत छतावरून प्रकाश उडवायचा तर ढोबळ गणित असं. डोकं ५० मिमीवर, मोठ्याचा गाइड नंबर ४२, मधल्याचा ३४. प्रकाशाचा छतापर्यंत आणि तिथून चेहऱ्यापर्यंत प्रवास ५ मीटर. पांढरं छत साधारण दोन स्टॉप खातं. आयएसओ ४०० केलं की ते दोन स्टॉप परत मिळतात. मोठा फ्लॅश एफ/८.४ देतो, मधला एफ/६.८. आणि आपण फोटो काढत असतो एफ/४ वर! दोन्ही फ्लॅशना अजून दम उरलाय.

जास्त ताकद वाया जाते असं नाही. उंच छताचं सभागृह, छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून काढलेला प्रकाश, भर उन्हात चेहऱ्यावरच्या सावल्या उजळणं, या ठिकाणी ती उपयोगी पडते. शिवाय मोठा फ्लॅश अर्ध्या ताकदीवर चालवला की पुन्हा भरायला कमी वेळ घेतो. पण गाइड नंबर पहिला निकष नाही. माझ्या यादीत तो चौथा-पाचवा येतो.

‘टीटीएल नसेल तर पैसे पाण्यात’

टीटीएलमध्ये शटर उघडायच्या आधी फ्लॅश एक छोटा झटका देतो, कॅमेरा परतलेला प्रकाश मोजतो आणि खऱ्या झटक्याची ताकद ठरवतो. कॅमेऱ्याला समोर कोण आहे हे कळत नाही, तो सगळं मध्यम करड्या उजेडाचं समजून चालतो. पांढऱ्या कपड्यांतला माणूस काळवंडतो, काळ्या कपड्यांतल्याचा चेहरा उजळून जातो. भरपाईचं बटण असतं, पण चौकटीत पांढरं कमी-जास्त झालं की उत्तर पुन्हा बदलतं. एकाच जागी काढलेल्या दहा फोटोंत दहा वेगळे उजेड येतात ते यामुळे.

मॅन्युअल फ्लॅशवर ताकद पूर्णपासून १/१२८ पर्यंत, पायरी-पायरीनं ठरवता येते. फ्लॅश आणि माणूस यांच्यातलं अंतर बदललं नाही, तर उजेड बदलत नाही, कपडे कुठल्याही रंगाचे असोत. १/१६ वर एक फोटो काढा, पडद्यावर बघा, एक पायरी वर किंवा खाली जा. फिल्मच्या काळात मॅन्युअल अवघड होतं कारण निकाल धुऊन आल्यावर दिसायचा. आता तो क्षणात दिसतो, भीती मात्र जुनीच राहिली.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. टीटीएलची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. कॅननची ई-टीटीएल १९९५ ची, निकॉनची आय-टीटीएल २००३ ची, आणि एकीला दुसरी समजत नाही. कॅमेऱ्याची कंपनी बदलली की टीटीएल फ्लॅश मुका होतो. मधली पिन असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर एक पिनवाला मॅन्युअल फ्लॅश तसाच चालतो. आणि जुन्या फ्लॅशवर ‘टीटीएल’ लिहिलेलं बघून हुरळू नका. ऑलिंपस ओएम-२ नं १९७५ मध्ये सुरू केलेली पद्धत फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश मोजायची. सेन्सरवरून प्रकाश तसा परतत नाही, म्हणून डिजिटल कॅमेऱ्यांना आधीच्या झटक्याची युक्ती वापरावी लागते.

टीटीएल कुणाला हवं? धावणारी मुलं, नाच, गर्दीतून वाट काढत फोटो काढणारे, जिथे अंतर दर सेकंदाला बदलतं तिथे. तसं काम असेल तर जरूर घ्या, पण त्याच फ्लॅशवर ताकद हातानं बदलायची सोय आहे ना, ते तपासून. काही छोट्या टीटीएल फ्लॅशवर ते बटणच नसतं. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडावर उडवायचा असेल तर एस१ आणि एस२ असे दोन्ही मोड असलेला बघा. एस२ आधीच्या झटक्याकडे दुर्लक्ष करतो. एकटा एस१ असला तर तो टीटीएलच्या पहिल्या झटक्यालाच उडून मोकळा होतो.

‘एचएसएस हवंच’

बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच पूर्ण उघडं सापडतं. त्यापुढे दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते. एचएसएसमध्ये फ्लॅश त्या पूर्ण वेळात भराभर लुकलुकत राहतो, आणि त्याची किंमत ताकदीत मोजतो: मर्यादा ओलांडताच साधारण दोन स्टॉप जातात.

लख्ख उन्हात आयएसओ १०० ला १/२०० आणि एफ/११ येतं. गाइड नंबर ३६ चा फ्लॅश तिथे ३.३ मीटरपर्यंत पोचतो, एचएसएसशिवाय. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/२.८ वर गेलात तर शटर १/३२०० होतं आणि एचएसएसवर पोच दीड मीटरच्या आसपास उतरते. त्याऐवजी लेन्सपुढे चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा. एफ/२.८, १/२०० आणि पोच तीच, ३.३ मीटर. आणि ‘हालचाल गोठवायला एचएसएस’ हे तर उलटच आहे. १/१२८ ताकदीवर साधा झटका सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागात संपतो, एवढं चपळ शटर बहुतेक कॅमेऱ्यांत नसतं.

‘पांढरी टोपी लावली की प्रकाश मऊ’

सावलीची कड मऊ होते ती प्रकाश देणारा पृष्ठभाग माणसाच्या तुलनेत मोठा झाला की. टोपीनं तो फारसा वाढत नाही. ती प्रकाश चहूकडे उधळते. छोट्या पांढऱ्या खोलीत त्यातला काही भाग भिंतींवरून परत येतो आणि श्रेय टोपीला मिळतं. उघड्यावर तेवढी ताकद फक्त वाया जाते.

आता सल्ल्यात जे नाहीच ते. पहिलं, सेल. १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.५ च्या अल्कलाइनपेक्षा कमजोर समजले जातात, पण त्यांचा अंतर्गत रोध कमी असल्यानं फ्लॅश त्यांच्यावर लवकर भरतो. फ्लॅशसोबत चांगल्या चार सेलांचा आणि चार्जरचा खर्च आधीच धरा, हवं तर गाइड नंबरमधून कापून.

दुसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, डोकं. स्वस्त फ्लॅशची डोकी बरेचदा फक्त वर-खाली होतात. कॅमेरा आडवा असेपर्यंत ते पुरतं. कॅमेरा उभा धरला की ‘वर’ची दिशा बाजूच्या भिंतीकडे होते, छतावर प्रकाश टाकायचा मार्गच उरत नाही. डोकं डावी-उजवीकडेही फिरलं पाहिजे, आणि किती फिरतं ते दोन्ही बाजूंना बघा: एसबी-७०० दोन्हीकडे १८० अंश जातो, ४३०ईएक्स २ डावीकडे १८० पण उजवीकडे ९० वरच थांबतो. छत काळं किंवा फार उंच असेल तर पाठीमागच्या भिंतीवर प्रकाश टाकायला हेच फिरणं लागतं. हातात घेऊन फिरवून बघितल्याशिवाय, किंवा निदान पुस्तिकेतले अंश वाचल्याशिवाय फ्लॅश घेऊ नका.