दोन किलोवॉट कागदावरच
ओढ्याच्या पाण्यावर घरगुती वीज करण्याबद्दलच्या लेखात 40 मीटर उंची आणि सेकंदाला 5 लिटर पाणी धरून दोन किलोवॉट काढलेत. ती पाण्यातली ताकद झाली, बल्बपर्यंत पोचणारी वीज नव्हे. आमच्या पऱ्यावर (छोट्या ओढ्यावर) 20 लिटरची बादली चार सेकंदांत भरते, म्हणजे पाणी तेवढंच. पण दोन इंची पाइप दीडशे मीटर टाकलाय; नोझल (पाइपाच्या टोकाचं बारीक तोंड) बंद असताना दाबाचा गेज 4 किलो दाखवतो, उघडलं की 3; एक किलो दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचं पाणी. घर्षणातच दहा मीटर गेले! उरलेल्या तीसवर धार सेकंदाला साधारण 24 मीटर सुटते, म्हणून नोझल 16 मिलिमीटरच्या आसपास हवं. मी हौसेनं 25 चं बसवलं होतं. येतं त्यापेक्षा जास्त पाणी सुटायचं; वरची टाकी रिकामी, पाइपात हवा, धारेच्या माऱ्यानं फिरणारं पेल्टनचं चाक गचके खायचं. नोझल बदलल्यावर आता 700-800 वॉट मिळतात, तेही पावसाळ्यात. मार्चमध्ये तीच बादली भरायला मिनिट लागतं.